खटका आणि होकार : डायलॉगमधल्या बटणांचा आढावा

जतन न केलेली फाइल बंद करू गेले की पडद्यावर एक लहान चौकट, म्हणजे डायलॉग, उभी राहते. तिच्यात 'जतन करा', 'जतन करू नका' आणि 'रद्द करा' अशी तीन बटणे असतात. वापरणारा त्यातले एक दाबतो आणि चौकट नाहीशी होते. या सगळ्यात यंत्राला स्वतःहून कळते ते फार थोडे. माउसचे डावे बटण अमुक बिंदूवर खाली गेले आणि काही क्षणांनी तमुक बिंदूवर वर आले, इतकेच. 'माणसाने जतन करायला होकार दिला' हा त्यातून काढलेला निष्कर्ष आहे, आणि तो कोणी काढायचा हा ग्राफिकल इंटरफेस पुरवणाऱ्या प्रत्येक लायब्ररीपुढचा प्रश्न आहे. माउसच्या कच्च्या घटना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती देऊन मोकळे व्हायचे, की सगळी छाननी स्वतः करून त्याला फक्त निकाल कळवायचा? प्रश्न किरकोळ दिसतो, पण गेल्या चाळीस वर्षांतल्या लायब्ररींची रचना तपासली तर त्यांचे उत्तर हळूहळू एकाच दिशेने सरकत गेलेले दिसते. त्या पुराव्यावरून माझे म्हणणे असे, की डायलॉगमधल्या बटणासाठी लिहिलेल्या कोडला माउस दिसताच कामा नये. आणि डायलॉगच्या बाबतीत तेवढ्याने भागतही नाही. तिथे उत्तर हे बटणापासूनही सुटे करावे लागते.

१९८४ साली आलेल्या मॅकिंटॉशने या प्रश्नाचा निम्मा भाग पहिल्याच फटक्यात सोडवला होता. त्याच्या टूलबॉक्समध्ये 'ट्रॅककंट्रोल' नावाचे फंक्शन होते. माउस बटणावर दाबला गेला की प्रोग्रॅमने त्याला हाक मारायची, आणि बोट वर येईपर्यंत ताबा त्याच्याकडे राहायचा. दाबलेल्या अवस्थेत बाण बटणाबाहेर सरकला की बटणाचा काळा रंग उतरायचा, परत आत आला की पुन्हा चढायचा. बोट आत असताना उचलले तर बटणाच्या भागाचा क्रमांक मिळायचा, बाहेर उचलले तर शून्य. म्हणजे दाबल्यावर मन बदलले तर बाण बाजूला नेऊन सोडून द्यायची सोय त्या पहिल्या यंत्रातच होती. डायलॉगसाठी याहून वरचे 'मोडलडायलॉग' हे फंक्शन होते. ते प्रोग्रॅमला फक्त कोणती वस्तू निवडली गेली तिचा क्रमांक सांगे, आणि रिटर्न किंवा एंटर कळ दाबली तरी पहिल्या क्रमांकाची वस्तू निवडल्याचे कळवी. माउसचे निर्देशांक, दाबण्याची वेळ, बटणाचा रंग यांतले काहीच प्रोग्रॅमपर्यंत पोहोचत नसे. मूळ मॅकच्या कीबोर्डवर बाणांच्या कळाही नव्हत्या, त्यामुळे कीबोर्डवरून डायलॉग चालवण्याची कल्पना त्यात पुढे गेली नाही. पण उत्तर म्हणून एक क्रमांक द्यायचा ही दिशा बरोबर होती.

कीबोर्डची बाजू विंडोजने भरून काढली, आणि ती हौसेने नव्हे, गरजेने. नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा पुष्कळ पीसींना माउस नसायचाच, त्यामुळे सगळे काही कळांनी करता येणे भाग होते. विंडोजमध्ये बटण ही स्वतःच एक छोटी विंडो असते. माउस खाली गेल्याचा, हलल्याचा, वर आल्याचा संदेश त्या छोट्या विंडोला मिळतो. ती माउस 'पकडून' ठेवते, आत-बाहेरचा हिशेब करते, आणि सगळे जमले तरच आपल्या पालक विंडोला 'डब्ल्यूएम कमांड' हा संदेश पाठवते. सोबत बटणाचा क्रमांक आणि 'दाबले गेले' अशी खूण असते. स्पेसबार दाबला किंवा ऑल्टसह अधोरेखित अक्षर दाबले तरी पालकाला हाच संदेश जातो. मेन्यूतली निवड आणि कळांचे शॉर्टकटही याच संदेशातून येतात. डायलॉगमध्ये 'ओके'चा क्रमांक १ आणि 'कॅन्सल'चा २ असे ठरलेले आहे. एंटर दाबले की डायलॉगच्या ठरावीक बटणाचा क्रमांक पोहोचतो (सहसा १), एस्केप दाबले किंवा कोपऱ्यातल्या फुलीने बंद केले की २. विंडोजचे हे कोड लिहायला रुक्ष आणि वाचायला त्याहून रुक्ष होते, याबद्दल वाद नाही. पण निर्णयाचा संदेश आणि माउसचा संदेश यांच्यात तिथे घातलेली भिंत आजतागायत टिकून आहे.

युनिक्सच्या बाजूला एक्स विंडो प्रणालीवर हेच वेगळ्या वाटेने घडले. तिथल्या एक्सटी टूलकिटमध्ये कोणत्या घटनेने कोणती क्रिया व्हावी याचा मजकुरी तक्ता असे, आणि तो प्रोग्रॅमला हात न लावता बदलता येई. एथेना संचातल्या बटणाच्या तक्त्यात माउस खाली गेला की 'सेट', वर आला की 'नोटिफाय' आणि 'अनसेट', अशा नोंदी होत्या. प्रोग्रॅम फक्त 'नोटिफाय'कडे कान लावून बसायचा. मोटिफने त्याचे तीन टप्पे केले: बटण सज्ज झाले, कार्यान्वित झाले, सज्जता उतरली. नेक्स्टस्टेपमध्ये बटणाला एक लक्ष्य आणि एक कृती नेमून दिली जाई. आजच्या मॅकवरच्या कोकोआत हीच पद्धत आहे. टीके (Tk) या टूलकिटमध्ये तर बटण तयार करतानाच 'कमांड' नावाचा पर्याय भरायचा, की काम संपले. यांपैकी कोणी कोणाची नक्कल केली हा शोध इथे महत्त्वाचा नाही. वेगवेगळ्या संस्थांत, वेगवेगळ्या भाषांत काम करणारे लोक एकाच जागी पोहोचले, याला मी योगायोग मानत नाही. बटण म्हणजे काय याची व्याख्याच त्यांना तिथे घेऊन जाते.

मग अडचण कुठे येते? ती येते वरची भिंत ओलांडायचा दरवाजा उघडा असल्याने. बटण हा शेवटी पडद्यावरचा एक विजेट असतो, आणि प्रत्येक विजेटवर माउसच्या घटना ऐकता येतात. नवशिक्याला 'बटणावर क्लिक झाल्यावर अमुक करा' असे सांगितले की तो माउसच्या घटनांच्या यादीत हात घालतो, आणि तिथे त्याला 'माउसक्लिक्ड' असे नाव सापडते. जावाचे उदाहरण बोलके आहे. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत घटना ज्या घटकावर घडे त्याने हाताळली नाही तर ती त्याच्या पालक घटकाकडे वर चढत जाई आणि प्रत्येकाने आपल्यापुरते ओळखून घ्यायचे. १९९७ च्या १.१ आवृत्तीत श्रोत्यांची पद्धत आली: बटणासाठी 'अ‍ॅक्शनलिसनर', माउससाठी 'माउसलिसनर'. दोन्ही एकाच बटणाला जोडता येतात आणि घाईघाईने केलेल्या चाचणीत दोन्ही सारखेच चालतात. फरक नंतर बाहेर पडतो. दाबणे आणि सोडणे यांच्या दरम्यान हात किंचित हलला तर जावा त्या हालचालीला ओढणे समजू शकते आणि 'माउसक्लिक्ड' येतच नाही. वापरणाऱ्याला बटण दबलेले दिसते, पण काम होत नाही. जावाच्या स्विंग या संचातले बटण निष्क्रिय करून करडे केले तरी त्यावरचा माउसलिसनर माउसच्या घटना ऐकतच राहतो. म्हणजे ज्या बटणाला हात लावू नये असे पडद्यावर दिसते, त्यामागचा कोड बिनदिक्कत चालतो. उजव्या बटणाने दाबले तरी तो चालतो. आणि टॅबने त्या बटणावर येऊन स्पेसबार दाबला तर मात्र काहीच होत नाही. यांतल्या एकाही बाबतीत लायब्ररीत बिघाड नाही. स्विंगच्या बटणाच्या मॉडेलमध्ये 'सज्ज' आणि 'दबलेले' अशा दोन स्वतंत्र अवस्था ठेवून हा सगळा विचार आधीच केलेला आहे. कोडने त्याला वळसा घातला, एवढेच.

डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये हाच वळसा वेगळ्या रीतीने अंगाशी येतो. ही लायब्ररी प्रत्येक प्रणालीचे मूळ बटण वापरते, त्यामुळे माउस खाली गेल्याची घटना आपण अडवली आणि शेवटी 'स्किप' म्हणून ती पुढे जाऊ दिली नाही, तर मूळ बटणापर्यंत ती पोहोचतच नाही. त्याला फोकस मिळत नाही, त्याचे दबणे बिघडते, आणि ज्या 'बटण दाबले' घटनेची दुसरा कोणी वाट पाहत असेल ती जन्मालाच येत नाही. शिवाय तिथे आज्ञेच्या घटना पालकाकडे चढत जातात, माउसच्या घटना चढत नाहीत. म्हणून डायलॉगने आपल्या बटणांवरचा माउस स्वतः ऐकू पाहिला तर त्याच्या कानावर काहीच पडत नाही. २००६ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीएफने उलट धोरण ठेवले. तिथले बटण डावा माउस खाली गेल्याची घटना स्वतः हाताळते आणि तिच्यावर 'हाताळली' असा शिक्का मारते. त्यामुळे बटणावर ती घटना नेहमीच्या रीतीने ऐकायला बसलेला कोड चालत नाही. नवखे प्रोग्रॅमर याने वैतागतात, पण मला हे धोरण जास्त प्रामाणिक वाटते. चुकीचा कोड पहिल्या चाचणीलाच बंद पडलेला बरा. जावासारखा शंभरातल्या नव्वद वेळा चालणारा कोड ग्राहकाकडे पोहोचतो आणि मग तक्रार येते की 'बटण कधीकधी चालत नाही'. अशा तक्रारीचे मूळ शोधणे किती कठीण असते ते या धंद्यातल्या कोणालाही विचारावे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की हे सगळे काठावरचे प्रसंग आहेत. बहुसंख्य लोक माउसने नीट दाबतात आणि त्यांचे काम होते. या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर ज्यांच्या हातात माउस नाहीच, त्यांच्याकडे पाहावे लागते. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरच्या मदतीने संगणक चालवते. २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर भारतातही वापरला जातो आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजयंत्रणेत मराठीही आहे. असा प्रोग्रॅम बटणाला दोन गोष्टी विचारतो: तू कोण आहेस, आणि तुझी मुख्य कृती कोणती? मायक्रोसॉफ्टच्या १९९७ च्या सुलभता व्यवस्थेत ही कृती 'मूलभूत कृती' म्हणून नोंदलेली असे. पुढच्या यूआय ऑटोमेशनमध्ये तिला 'इन्व्होक' म्हणतात. स्क्रीन रीडर ती कृती थेट मागतो, माउस खाली-वर करण्याचे नाटक त्याला करावे लागत नाही. कोड या कृतीला जोडलेला असेल तर तो चालतो. माउसच्या घटनेला जोडलेला असेल तर स्क्रीन रीडर 'बटण' म्हणून घोषणा करतो, माणूस एंटर दाबतो आणि पुढे शांतता. वेबवर तर याहून वाईट प्रकार सर्रास दिसतो. साध्या 'डिव्ह'ला रंग देऊन, कोपरे गोल करून बटणाचे सोंग दिलेले असते. खऱ्या बटण-घटकाला ब्राउझर फोकस देतो, आणि त्यावर एंटर किंवा स्पेस दाबले तरी 'क्लिक' घटना पाठवतो. सोंगाच्या बटणाला यातले काही मिळत नाही. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि ई-केवायसीच्या अडथळ्यांवरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. बँकेच्या अर्जातले 'पुढे जा' हे बटण कळांनी चालत नसेल, तर त्याला काठावरचा प्रसंग म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो खेळ व चित्रकलेची साधने लिहिणाऱ्यांकडून येतो. बोट उचलेपर्यंत थांबणे म्हणजे प्रतिसादात विलंब. खेळात गोळी दाबताक्षणी सुटली पाहिजे. हे खरेच आहे. स्क्रोलबारचा बाणही दाबताक्षणी हलू लागतो, सोडल्यावर नाही. पण इथे कृतीचे स्वरूप पाहायला हवे. स्क्रोल उलट फिरवता येतो, त्याची किंमत शून्य असते. डायलॉग मुळात उघडतो तेच परत फिरता न येणाऱ्या किंवा महाग पडणाऱ्या वळणावर, म्हणून तिथे मन बदलायला जागा ठेवणे विलंबापेक्षा मोलाचे. गंमत अशी, की खेळांच्या जगातूनच आलेल्या इमिजिएट मोड पद्धतीच्या लायब्ररींनीही बटणाच्या बाबतीत हाच नियम पाळला. डिअर इमगुईमध्ये प्रत्येक फ्रेमला बटण नव्याने काढले जाते, श्रोते वगैरे काही नसतात. तरी बटणाचे फंक्शन 'हो' म्हणते ते साधारणपणे आत दाबून आतच सोडल्यावर. डब्ल्यूपीएफमध्ये दाबताक्षणी कृती हवी असेल तर बटणाचा एक गुणधर्म बदलावा लागतो, आणि अपवाद नोंदवायची ही जागा योग्य आहे. २०१८ च्या जूनमध्ये आलेल्या वेब सुलभतेच्या २.१ मार्गदर्शक तत्त्वांत 'निर्देशन रद्द करता येणे' हा निकष सर्वांत मूलभूत पातळीवर घातला गेला: एका स्पर्शाने चालणारी कृती दाबण्यावरच पूर्ण होऊ नये, ती सोडून देता यावी किंवा उलटवता यावी, अपवाद फक्त जिथे दाबणे हेच अत्यावश्यक असेल तिथला. १९८४ च्या मॅकमध्ये जे होते ते चौतीस वर्षांनी नियमात लिहावे लागले, याचे कारण मधल्या काळात वेबवर लोकांनी ते हाताने लिहायला घेतले होते.

उरतो तिसरा आक्षेप, की कधीकधी माउसचा तपशील खरोखर हवा असतो: शिफ्ट धरून दाबले का, उजवे बटण होते का, बटणाच्या कोणत्या भागावर दाबले. शिफ्टची अवस्था बहुतेक लायब्ररी आज्ञेच्या घटनेसोबतच देतात किंवा वेगळी विचारता येते. उजव्या बटणासाठी 'संदर्भ मेन्यू' ही स्वतंत्र घटना आहे आणि ती शिफ्ट-एफ१० या कळांनीही येते; म्हणजे तिथेही लायब्ररीने माउसऐवजी हेतूच कळवला. विंडोजमध्ये डावखुऱ्यांसाठी माउसची बटणे अदलाबदल करता येतात, आणि प्रत्यक्ष कळीची अवस्था थेट वाचणारा कोड तिथे फसतो. आणि एकाच बटणाच्या डाव्या-उजव्या भागांना वेगळा अर्थ द्यायचा असेल, तर ती दोन बटणे आहेत. तशीच ती काढावीत.

आता डायलॉगच्या स्वतःच्या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. समजा कोणी सगळे नीट केले. 'ओके' बटणाच्या आज्ञेला कोड जोडला आणि त्यात माहिती तपासून जतन केली. तरी डायलॉग संपायच्या वाटा बटणांपेक्षा जास्त असतात. कोपऱ्यातली फुली असते, एस्केप असते, ऑल्ट-एफ४ असते, संगणक बंद होताना प्रणालीकडून आलेला हुकूम असतो. 'रद्द' बटणात काही आवराआवर लिहिली असेल तर फुलीने बंद केल्यावर ती होत नाही. म्हणून डायलॉगला स्वतःचे उत्तर हवे, आणि बटणे ही त्या उत्तराकडे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी काही वाटा असायला हव्यात. क्यूटी या लायब्ररीने हे 'स्वीकार' आणि 'नकार' अशा दोन दारांत बसवले; एस्केप आणि फुली दोन्ही आपोआप नकाराच्या दाराने जातात. जीटीके या लायब्ररीमध्ये डायलॉग 'प्रतिसाद' नावाचा सिग्नल देतो आणि विंडो बंद करण्यालाही त्यात वेगळा प्रतिसाद-क्रमांक आहे. बँकेला चेकवरची सही लागते, पेन कागदाला कुठे टेकले याची नोंद लागत नाही. डायलॉगचे उत्तरही तसेच असावे. याची एक चांगली परीक्षा विंडोजच्या साध्या संदेशचौकटीत दिसते. फक्त 'हो' आणि 'नाही' अशी दोनच बटणे मागितली, तर विंडोज फुली निष्क्रिय करते आणि एस्केपलाही दाद देत नाही. वापरणाऱ्याला हे त्रासदायक वाटते, पण तर्क पक्का आहे: 'रद्द' असे उत्तरच ठेवलेले नाही, मग फुलीचा अर्थ काय लावायचा? दोष चौकटीत नाही, प्रश्न असा विचारणाऱ्यात आहे.

उत्तर बटणापासून सुटे केल्याचा आणखी एक लाभ क्यूटीने २००६ च्या ४.२ आवृत्तीत दाखवला. तिथे आलेल्या 'बटणपेटी'त बटणे क्रमाने मांडायची नसतात, त्यांच्या भूमिका सांगायच्या असतात: हे स्वीकाराचे, हे नकाराचे, हे विध्वंसक, हे मदतीचे. विंडोजवर 'ओके' डावीकडे आणि 'कॅन्सल' त्याच्या उजवीला असते. मॅकवर आणि ग्नोमवर होकाराचे बटण उजव्या टोकाला असते. भूमिका कळल्या की मांडणी लायब्ररी त्या त्या प्रणालीच्या रिवाजाने करते. बटणाच्या जागेवर किंवा क्रमावर अवलंबून असलेला कोणताही कोड इथे टिकत नाही, आणि टिकूही नये.

डायलॉग उघडून त्याच ओळीवर उत्तराची वाट पाहत थांबायचे, ही जुनी सोय मात्र आता मागे पडते आहे, आणि त्यामागे ठोस कारण आहे. थांबल्यासारखे दिसले तरी आत एक दुसरे घटनाचक्र फिरत असते, आणि त्यात टायमर वाजतात, नेटवर्कचे निरोप येतात, कधीकधी ज्या वस्तूने डायलॉग उघडला तीच नष्ट होते. उत्तर मिळून कोड पुढच्या ओळीवर येतो तेव्हा पायाखालची जमीन गेलेली असते. क्यूटीचे दस्तऐवज म्हणूनच 'एक्झेक' टाळून 'ओपन' वापरा असे सांगतात, आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीटीके ४ ने 'डायलॉग-रन' हे फंक्शनच काढून टाकले. वेबवर २०१४ च्या क्रोम ३७ मध्ये जुने, थांबवून धरणारे 'शोमोडलडायलॉग' बंद झाले आणि त्याच आवृत्तीत न थांबवणारा 'डायलॉग' घटक आला; फायरफॉक्स आणि सफारीत तो २०२२ मध्ये पोहोचला. त्या घटकातला फॉर्म 'डायलॉग' पद्धतीने पाठवला की दाबलेल्या बटणाचे मूल्य डायलॉगचे परतमूल्य होते. क्लिक ऐकणारी एकही ओळ लिहावी लागत नाही. थांबण्याची पद्धत वाचायला सोपी होती हे मान्य करायला हवे. ती सोय भाषांमधल्या नव्या 'अवेट'सारख्या रचनांनी बरीचशी परत दिली आहे, तेव्हा जुन्या पद्धतीला धरून राहण्याचे कारण उरलेले नाही.

इथवरचा सगळा विचार वापरणारा खरेच दाबू इच्छित होता असे गृहीत धरून झाला. पण काही खटक्यांमागे होकार नसतोच. पुष्कळ लोक प्रत्येक गोष्टीवर दोनदा क्लिक करतात. पहिल्या खटक्याने डायलॉग जातो आणि दुसरा त्याच्याखाली जे असेल त्यावर पडतो. याचा उलटा प्रकार धोकादायक आहे. एखादे पान वापरणाऱ्याला ठरावीक जागी भराभर क्लिक करायला लावते आणि मधल्याच क्षणी तिथे 'इन्स्टॉल करा' असे विचारणारा डायलॉग उभा राहतो. पुढचा खटका त्याच्या बटणावर. म्हणून फायरफॉक्स अशा सुरक्षा-डायलॉगमधली बटणे उघडल्यावर थोडा वेळ निष्क्रिय ठेवतो. २००८ मध्ये 'क्लिकजॅकिंग' नावाने गाजलेल्या युक्तीत तर खरे बटण पारदर्शक करून दुसऱ्याच चित्रावर पसरलेले असते. विंडोज व्हिस्टापासून प्रशासकीय परवानगीचा डायलॉग वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपवर उघडतो, जिथे दुसरा प्रोग्रॅम कृत्रिम खटके पाठवू शकत नाही. अँड्रॉइडमध्ये वरून झाकलेल्या बटणावरचा स्पर्श नाकारता येतो. या उपायांतला एकही असा नाही, जो प्रत्येक प्रोग्रॅमरने आपापल्या माउस-हाताळणीत नीट लिहिला असता. इथे एक खरा पेच आहे: स्क्रीन रीडरला जी 'इन्व्होक' वाट लागते, तीच घातक प्रोग्रॅमलाही वापरता येते. मॅकवर म्हणूनच दुसऱ्या प्रोग्रॅमवर ताबा चालवायला वापरणाऱ्याची वेगळी परवानगी लागते. ही वाट बंद करणे हा उपाय नव्हे. तिच्यावर पहारा बसवणे हा आहे, आणि पहारा प्रणालीच ठेवू शकते.

नव्या पिढीच्या लायब्ररींनी हा वाद जवळजवळ मिटवला आहे. फ्लटर, स्विफ्टयूआय आणि जेटपॅक कंपोजमध्ये बटण तयार करतानाच त्याची कृती द्यावी लागते. फ्लटरमध्ये कृतीच्या जागी रिकामे मूल्य दिले तर बटण आपोआप निष्क्रिय होते. बटण करडे आणि कोड मात्र जिवंत, ही स्विंगमधली विसंगती तिथे सरळ वाटेने घडूच शकत नाही. जीटीके ४ मध्ये प्रत्येक विजेटवर असणारा 'माउस दाबला' हा सिग्नल गेला आणि त्याच्या जागी वेगळे जोडावे लागणारे हावभाव-नियंत्रक आले. बाजूचा दरवाजा पूर्ण बंद झालेला नाही, पण आता तिथे जायला मुद्दाम वळावे लागते. मला हे योग्य प्रमाण वाटते. स्वतःचे नकाशे, आलेख, खेळाचे पट काढणाऱ्याला माउसच्या कच्च्या घटना लागणारच, आणि त्या नाकारणारी लायब्ररी फार दिवस टिकणार नाही.

लायब्ररी सुधारल्या, शिकवणे मात्र त्या वेगाने सुधारलेले नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात 'अ‍ॅडव्हान्स्ड जावा' या विषयाखाली एडब्ल्यूटी, स्विंग आणि घटनांची हाताळणी शिकवली जाते, आणि हजारो मराठी विद्यार्थ्यांची बटणाशी पहिली ओळख तिथेच होते. माउसलिसनर आणि अ‍ॅक्शनलिसनर हे तिथे एकाच यादीतले दोन पर्याय म्हणून येतात. बटणाला कोणता जोडावा आणि का, हे वेगळे सांगावे लागते. हा विषय शिकवणाऱ्यांना एकच विनंती आहे. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने डायलॉग करून दाखवला की माउस काढून घ्यावा, टॅब, स्पेस, एंटर आणि एस्केप या चारच कळांनी तो पुन्हा चालवायला सांगावा, मग फुलीने बंद करायला सांगावा, आणि गुण त्यानंतर द्यावेत.